चावी नसलेला नायक

सेवादास राठोड टेलिफोन खात्यात लाइनमन होता, तेव्हापासून मी त्याला ओळखते. मी आर्णीच्या एक्सचेंजमध्ये नोकरीला होते. तालुक्यातले निम्मे फोन या एका माणसाच्या भरवशावर वाजायचे. कुठे लाइन बंद पडली की साहेब लोक आधी बैठक घ्यायचे. तोवर सेवादास सायकलला शिडी बांधून निघालेला असायचा. परत आला की घाम पुसत म्हणायचा, "झालं मॅडम, बोलून राह्यले लोक." एवढाच त्याचा अहवाल. मी तशी तापट बाई. ऑफिसात माझ्या माघारी मला 'घंटी' म्हणत, हेही मला ठाऊक आहे. पण या माणसावर चिडायचं म्हटलं तरी जमत नसे. आपण ओरडायला तोंड उघडेपर्यंत हा काम करून मोकळा.

आता दोघंही रिटायर. मी यवतमाळला असते, तो त्याच्या बंजारा तांड्यावर. तांड्याचं नाव सांगणार नाही. इथली माणसांची नावंही मी बदललेली आहेत. उगाच नाव घेतल्यानं काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आर्णीहून थोडं आत, कापूस-तुरीच्या शिवारात, एवढं पुरे.

सेवादास त्या तांड्याचा नायक आहे. सरपंच पाच वर्षांनी बदलतो, नायक बदलत नाही. भांडण, सोयरीक, सणवार, जे काही असेल ते आधी त्याच्या दारात येतं. त्याच्या आजोबांची गोष्ट त्यानं मला एकदा चहा पिताना सांगितली होती. इंग्रजांच्या काळात आसपास कुठेही चोरी झाली की शिपाई पहिले तांड्यावर यायचे. आजोबा त्यांना घरांमध्ये शिरू द्यायचे नाहीत. स्वतः पुढे जाऊन उभे राहायचे आणि काय विचारायचं ते मला विचारा म्हणायचे. बऱ्याचदा त्यांनाच धरून न्यायचे, मारायचेही. हे सांगताना सेवादासच्या आवाजात ना राग ना अभिमान. नायकानं दुसरं काय करायचं असतं, असा त्याचा एकूण सूर.

रिटायर झाल्यावर लोक चारधामला जातात. यानं तांड्यावर इंटरनेट ओढलं. रस्त्यापासून त्याच्या घरापर्यंत वायर टाकायला तो स्वतः खांबांवर चढला. सुखीबाई, म्हणजे त्याची बायको, खाली उभी राहून त्याच्या वयाचा उद्धार करत होती म्हणे. जोडणी त्याच्या नावावर, डबा त्याच्या ओसरीत, आणि पासवर्ड सगळ्या तांड्याला पाठ. टाळेबंदीत कॉलेजं बंद पडली आणि बाहेर शिकणारी पोरं घरी परतली. त्यांची कॉलेजं मग नायकाच्या ओसरीवरच भरली. सुखीबाईला चपलांच्या ढिगातून वाट काढावी लागे, पण तिनं कोणाला उठवलं नाही.

इंटरनेट सगळ्यांना खुलं होतं, पण एक नियम होता. तीजेत फोन बंद.

तीज हा तांड्यातल्या लग्न न झालेल्या मुलींचा सण. राखीपौर्णिमेला मुली वारुळाची माती आणून छोट्या टोपल्यांत गहू पेरतात. टोपल्या नायकाच्या घरी मांडतात. मग नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालायचं, उपास धरायचे, फेर धरून नाचायचं. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी हिरवेगार कोंब खुडून ते भावांच्या पागोट्यात खोवायचे आणि टोपल्या पाण्यात सोडायच्या. एका वर्षी सेवादासच्या लक्षात आलं की पोरी एका हातानं पाणी घालतात आणि दुसऱ्या हातानं मोबाईल चाळतात. त्यानं सुखीबाईचं सूप मागवलं आणि सगळ्यांचे फोन त्यात गोळा केले. तीज पाण्यात गेल्यावर फोन परत. पोरी आधी रुसल्या आणि मग दरवर्षी आपणहून आणून ठेवायला लागल्या. शेवटच्या दिवशीचं बोलावणं मला असतंच. ज्या मुलीचं लग्न ठरलेलं असतं ती टोपली सोडताना हमसून हमसून रडते, कारण पुढच्या वर्षी ती तीजेत नसते. मी पुरणपोळी खायला म्हणून जाते आणि दरवर्षी तिच्याबरोबर रडून येते.

आता मंदारचं सांगते. मंदार माझ्या बहिणीचा मुलगा. पुण्याला असतो, इंटरनेटवर स्वतःचं चॅनेल चालवतो. पोरगा हुशार आहे, मनानं वाईट नाही. पण कोडं दिसलं की ते सोडवल्याशिवाय त्याला जेवण जात नाही, आणि कोड्याच्या आत एखादा जिवंत माणूस बसलेला असू शकतो हे त्याच्या डोक्यात येत नाही. गेल्या वर्षी तो बॅग घेऊन माझ्याकडे आला आणि त्यानं 'लदेणी'चं सगळं पुराण मला ऐकवलं.

लदेणी म्हणजे सरकारनं न छापलेलं, नुसत्या कॉम्प्युटरच्या जाळ्यावर चालणारं नाणं. कोणीतरी ते टाळेबंदीत तयार केलं. बाहेरगावी राबणाऱ्या माणसाला मधल्या दलालाशिवाय घरी पैसे पाठवता यावेत, असा त्यामागचा विचार. करणाऱ्यानं स्वतःचं नाव सांगितलं नाही. 'गोणी' या टोपणनावानं तो जगाशी लिहून बोलायचा. बघता बघता नाणं जगभर पसरलं. सुरुवातीला करणाऱ्यानं स्वतःसाठी म्हणून जो वाटा बाजूला ठेवला होता, त्याला त्यानं आजवर हात लावलेला नव्हता. आज त्या वाट्यात गावंच्या गावं विकत घेता येतील, असं मंदार म्हणाला.

"आणि तो ठेवलाय कुठे? बँकेत?" मी विचारलं.

"कुठेच नाही, मावशी. त्याची चावी म्हणजे नुसते शब्द. ठरलेल्या क्रमानं टाकायचे. ते ज्याला ठाऊक, त्याचा खजिना. आणि तो माणूस मी शोधून काढलाय."

"त्याला सापडायचं आहे का पण?"

"लोकांना कळायला नको? जाणून घेण्याचा हक्क आहे लोकांचा."

"लोकांना शेजारच्या घरातल्या भांडणातही रस असतो, मंदार. म्हणून भिंत पाडायची का? उद्या चार गुंड त्याच्या दारात उभे राहिले तर? बँक असती तर तिथे पहारा असतो. इथे खजिना माणसाच्या डोक्यात. म्हणजे फोडायचं तर डोकंच फोडायचं ना?"

"तू फार पुढचा विचार करतेस," असं म्हणून त्यानं नाव सांगितलं. सेवादास राठोड.

मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. अरे, तो माणूस मला रोज सकाळी फुलांचं चित्र पाठवतो आणि एका बोटानं 'सुप्रभात' लिहितो, तेही चुकीचं. पण मंदारकडे सगळ्याला उत्तर होतं. 'लदेणी' हा शब्द बंजाऱ्यांचा. बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर फिरायचा त्यांचा जुना धंदा, त्याला ते लदेणी म्हणतात. 'गोणी'चा अगदी पहिला निरोप ज्या जोडणीवरून गेला, तिची खूण एका जुन्या सर्व्हरवर राहून गेली होती, आणि ती जोडणी सेवादासच्या नावावर. वर टेलिफोन खात्यातली नोकरी. "इतका साधा दिसणारा माणूस, मावशी! कोणाला संशय तरी येईल का?" आता यावर काय बोलणार? माणूस जितका साधा, तितका त्याच्या हिशेबानं गुन्हा पक्का.

मी बजावलं, रागावले, एक वेळ जेवायला वाढणार नाही असंही म्हणाले. तरी तो तांड्यावर गेलाच. सेवादासनं त्याला खाटेवर बसवून चहा पाजला, प्रश्न ऐकला आणि तो पोट धरून हसला. "अरे बापा, मले तं माह्या बँकेचा नंबर याद राहत नाही. मी कायचं नाणं बनवतो?" मंदारनं ते हसणं कॅमेऱ्यात टिपलं आणि व्हिडिओच्या तोंडाशी लावलं. खाली अक्षरं होती, 'नायकाचं गूढ हास्य'.

व्हिडिओ सुटला आणि तांड्याचा रस्ता वाहता झाला. कोणी हार घेऊन आलं, कोणी पोरीच्या लग्नाला मदत मागायला. एकानं आपला मोबाईल पुढे करून "नायक, नुसता हात लावा" म्हटलं. एका पुढाऱ्यानं शाल आणली आणि जाताना बाजूला घेऊन हळूच विचारलं की भाव कधी चढणार. सेवादास सगळ्यांना एकच सांगायचा, मी नव्हे. जो येईल त्याला चहा पाजायचा आणि पुन्हा सांगायचा, मी नव्हे. लोक चहा पिऊन डोळे मिचकावायचे आणि निघायचे. मग यायला लागल्या काचा काळ्या केलेल्या गाड्या. त्यातून कोणी उतरायचं नाही. फाट्यावर थांबायच्या, घराकडे बघत राहायच्या आणि निघून जायच्या.

सुखीबाईनं मला फोन केला. "मॅडम, तुमच्या भाच्याले म्हणा का हे बंद कर. मले झोप नाही लागून राह्यली."

मंदारनं बंद तर केलं नाहीच, उलट दुसरा व्हिडिओ काढला. त्यात एक आलेख होता. 'गोणी' कोणत्या दिवशी किती लिहितो, याची वर्षभराची रेघ. ती रेघ दरवर्षी श्रावणात, राखीपौर्णिमेपासून गोकुळाष्टमीपर्यंत, एकदम तळाला जायची. त्या दिवसांत एक अक्षर नाही. मंदारनं तांड्यात विचारपूस केली, तर याच दिवसांत नायकाच्या घरी मोठा सण असतो असं कळलं. झालं. 'नायक अनुष्ठानाला बसतो आणि मौन पाळतो', असा त्यानं निकाल लावून टाकला. अलीकडच्या श्रावणांत मात्र रेघेला तो खड्डा नव्हता. त्यावर त्याचं म्हणणं, आता नायक सावध झालाय.

सेवादास आणि मौन! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ते हे. मी दुसऱ्याच दिवशी एसटी धरून तांडा गाठला. सेवादासला सोडवायची युक्ती मला सापडली होती, आणि त्या आनंदात मी दुसरा कुठलाच विचार केला नव्हता.

"राठोड, सोपं आहे," मी ओसरीवर बसता बसता म्हणाले. "तीजेत तुम्ही फोन खाली ठेवता का कधी? पाहुण्यांना बोलावणं, फोटो टाकणं, दिवसभर तुमचंच चालू असतं. तेवढं त्यांना दाखवा. हा गप्प बसणारा माणूस तुम्ही नव्हे, हे एका दिवसात सिद्ध होईल."

त्यानं चष्मा लावला, माझा मोबाईल हातात घेतला आणि तो आलेख जवळ धरला. "हा खड्डा तीजेचा काय?"

"हो."

"अन् ह्या वर्षापासून खड्डा नाही?"

"नाही."

त्यानं बोटानं एक एक वर्ष मोजलं. मग मान वर करून त्यानं भिंतीकडे पाहिलं. तिथे सुखीबाईचं सूप टांगलेलं होतं. मी पण पाहिलं.

तीजेत फोन बंद असायचे ते नायकाचे नव्हेत. पोरींचे. लग्न न झालेल्या पोरींचे. आणि ज्या वर्षापासून खड्डा नाहीसा झाला, त्याच्या आदल्या तीजेनंतर तांड्यातल्या दोघी सासरी गेल्या होत्या. दोन्ही लग्नांत मी जेवले आहे. त्यातली एक ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून तासन्‌तास लॅपटॉपवर बसायची. सुखीबाई तिच्यापुढे भाकरीचं ताट ठेवायची ते तसंच गार व्हायचं. ती सेवादासची मुलगी नाही, पुतणी नाही, भाचीही नाही. कोण ते विचारू नका.

म्हणजे सेवादासला सोडवायचं तर तीजेची खरी गोष्ट सांगायची. आणि ती सांगितली की दोनच घरं उरतात शोधायला. मी जी युक्ती म्हणून घेऊन आले होते, ती त्या पोरीच्या दारात गुंड नेऊन सोडणारी होती.

सेवादासनं चष्मा काढला आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला. "मॅडम, हे राहू द्या."

"राहू द्या काय? अहो, त्या गाड्या पाहिल्या ना फाट्यावर?"

"पाह्यल्या."

"तुम्हाला धरून नेलं तर? ज्याला चावी ठाऊक आहे तो ती देऊन तरी सुटेल. तुमच्याकडे चावीच नाही. काय देणार तुम्ही त्यांना?"

"नाही म्हणून सांगीन."

"विश्वास ठेवतील?"

"नाही ठेवणार," तो शांतपणे म्हणाला. मग थोडं हसला. "पण मॅडम, ज्याच्यापाशी चावी हाये त्याच्यापासून थे घेऊन जातील. माह्यापाशी हायेच काय? माह्यापासून काय नेतील?"

"जीव!" मी ओरडले.

"थो तं आता म्हातारा झाला. कडेवर लेकरू असलेल्या माणसानं भ्याव. मी कायले भेऊ?"

त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला, आणि इतका आदर वाटला, की पुढचं ओरडायचं राहूनच गेलं. घंटी गप्प झाली असं म्हणा हवं तर. पोलिसांत जा म्हटलं तर त्यालाही तो तयार नव्हता. पोलिस आधी फोन तपासणार, फोन तपासला की तो निर्दोष ठरणार, आणि मग शोध पुढे सरकणार. निर्दोष ठरायचं नाही म्हणून पोलिसांपासून लांब राहणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मी निघताना, हे कोणालाही सांगणार नाही असा शब्द त्यानं माझ्याकडून मागितला. मी दिला.

त्या दिवसापासून सेवादासनं 'मी नव्हे' म्हणणं सोडून दिलं. हो असंही म्हणाला नाही. कोणी विचारलं की फक्त चहा पुढे करायचा. मंदारला यात कबुली दिसली. तो मला फोनवर आनंदानं सांगत होता, आणि मी, जिनं साहेबांनासुद्धा कधी सोडलं नाही, ती "हं, हं" करत बसले होते. एक शब्द जास्त बोलले असते तर त्या पोरीच्या वाटेवर दिवा लावल्यासारखं झालं असतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मनात म्हणून घेतलं. पण ते खरं नव्हतं. यात चोर कोणीच नव्हता.

मुलीला सगळं कळत होतंच, जग बोलत होतं ते तीही वाचत होती. ती सासरहून फोन करायची. सुखीबाईनं मला पुढे सांगितलं, ती रडत काही सांगायला लागली की हा म्हणायचा, "हॅलो, हॅलो, लाइन खराब हाये, काही आयकू येऊन नाही राह्यलं. लेकरू बरं हाये ना?" आणि फोन ठेवून द्यायचा. जन्मभर लोकांच्या लाइनी दुरुस्त केलेला माणूस!

मग जे व्हायचं ते झालंच. आर्णीच्या बाजाराला तो मोटरसायकलवर निघाला होता. फाट्यावर एका गाडीनं थांबवून नायकाचं घर कुठे म्हणून विचारलं. आपण दुसरीकडे बोट दाखवलं असतं. यानं सांगितलं, मीच नायक. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एक बंद पडलेली शेड आहे, तिथे त्याला नेलं. शब्द सांग म्हणाले. चावीचे शब्द.

यानं सांगितले! माझ्यापाशी नाहीत म्हटलं असतं तर ते दुसऱ्या कोणाच्या मागे लागले असते, म्हणून यानं शब्द सांगितले. कुठले, तर आपल्या जुन्या लाइनीवरच्या गावांची नावं. आर्णी, दारव्हा, नेर, बाभुळगाव, कळंब, राळेगाव. ते एक एक नाव लॅपटॉपवर टाकत गेले. खजिना उघडला नाही. तेव्हा त्यांनी त्याचं एक बोट मोडलं. यानं क्रम चुकला म्हणून माफी मागितली आणि उलट्या क्रमानं सांगायला सुरुवात केली. पुन्हा उघडला नाही. असं करत करत दुपार गेली आणि त्याच्या दोन्ही हातांची बोटं गेली. शेजारच्या कारखान्याची पाळी सुटून माणसं रस्त्यावर आली, तसे ते घाबरून पळाले. कामगारांनीच त्याला रिक्षात घालून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात आणलं.

मी पोचले तेव्हा दोन्ही हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होते. मला पाहून म्हणाला, "मॅडम, घाटंजी सांगाची राह्यली." मला हसू नाही आलं. मी त्याच्या खाटेच्या कडेला बसून रडले, आणि नर्सनं मला बाहेर जायला सांगितलं तर तिच्यावर ओरडलेही.

दाराशी पोलिस बसले, त्याचा मोबाईल त्यांनी ताब्यात घेतला. दोन दिवसांनी मंदार आला. व्हिडिओ काढून टाकले होते त्यानं, पण बाहेर पडलेली गोष्ट परत कशी घेणार? तोंड पांढरं पडलेलं, दाढी वाढलेली. काका, मला माफ करा, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.  सुखीबाई सेवादासला वरणभात भरवत होती. ती न थांबता म्हणाली, "आधी तुह्या मायले फोन कर. तिले सांग तू काय केलं थे. मंग आमच्यापाशी ये." मंदार खाली मान घालून कॉरिडॉरमध्ये गेला, आणि खरंच त्यानं माझ्या बहिणीला फोन लावला. मी त्याचा आवाज ऐकला. मला त्याची दयाही आली.

पण खोलीत सगळ्यांना एकच भीती होती, कोणी बोलत नसलं तरी. ते पळाले होते, पकडले गेले नव्हते. सेवादास बरा होऊन घरी जाईल आणि पुन्हा फाट्यावर गाडी उभी राहील. खजिना आहे तोवर कोणी ना कोणी येतच राहणार. सुखीबाईनं एकदा विचारलं, आपण तांडा सोडून कुठे जायचं का? तो म्हणाला, "मी गेलो तं मंग थे कोणाच्या घरी जातीन?"

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी मंदार धावत खोलीत आला. त्यानं मोबाईल आमच्यापुढे धरला. 'गोणी' बऱ्याच दिवसांनी बोलला होता. स्वतःचा वाटा, तो आजवर न शिवलेला सगळाच्या सगळा, त्यानं अशा ठिकाणी पाठवून दिला होता की जिथली चावी या जगात कोणाकडेच नाही. बांधून विहिरीत टाकावं तसं, फक्त या विहिरीला तळ नाही. आता तो कोणालाच काढता येणार नव्हता, टाकणाऱ्यालाही नाही. खाली एकच ओळ होती, बंजाऱ्यांच्या प्रार्थनेतली. सेनं साई वेस. सगळ्यांचं भलं होवो.

मंदारला हसू आणि रडू एकदम येत होतं. "काका, सुटलात तुम्ही! तुमचा फोन पोलिसांकडे आहे, हात प्लास्टरमध्ये. हे तुम्ही करूच शकत नाही. तुम्ही तो नव्हे हे सगळ्या जगाला कळलं. आणि आता लुटायला काही उरलंच नाही. कोणीच कोणाच्या मागे येणार नाही!" पुण्याला कळवायला तो तसाच बाहेर पळाला. दारावरच्या पोलिसांनीही टाळी दिली. सुखीबाईनं पदर तोंडाला लावला. म्हणून तर मी आज हे सगळं लिहू शकते. घेण्यासारखं आता कोणाकडे काही नाही. नाव मात्र मी तरीही सांगणार नाही.

मी सेवादासकडे वळले. वाटलं, आता तरी हा माणूस मोकळा हसेल. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता आणि त्याचे खांदे हलत होते. बोटं मोडताना जो रडला नव्हता तो रडत होता, आणि हात प्लास्टरमध्ये असल्यामुळे त्याला डोळे पुसता येत नव्हते. मी माझ्या पदरानं पुसले.

तो माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाला, "पोरीनं कायले केलं थे, मॅडम? मी होतो ना."